ऑगस्टाचा मानकरी आणि भाकिताची मर्यादा

दरवर्षी एप्रिल महिना आला की अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा या शहराकडे जगभरच्या गोल्फरसिकांचे लक्ष लागते आणि त्याबरोबरच भाकितांचा हंगामही सुरू होतो. 'मास्टर्स' स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारे हिरवे जाकीट यंदा कोणाच्या अंगावर चढणार, याविषयी जाणकार, माजी खेळाडू, संख्याशास्त्रज्ञ आणि सट्टेवाले असे सारेच आपापल्या याद्या प्रसिद्ध करतात. स्पर्धा संपते, यादीतले पहिले नाव बहुधा विजेत्याचे नसते, आणि 'या पंडितांना काही कळत नाही' असा शेरा मारून लोक मोकळे होतात. हा शेरा कितपत न्याय्य आहे? गोल्फ हा खेळ आपल्याकडील बहुसंख्य लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेलाही नसेल. तथापि अनिश्चिततेपुढे माणसाची बुद्धी कशी चालते आणि कोठे अडखळते, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी उभारलेल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर ही स्पर्धा १९३४ साली प्रथम भरली. गोल्फमध्ये पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धा मानल्या जातात. त्यांपैकी बाकीच्या तिन्ही वेगवेगळ्या मैदानांवर फिरत असतात, मास्टर्स मात्र दरवर्षी याच मैदानावर होते. रोज अठरा होलची एक फेरी, अशा चार दिवसांत चार फेऱ्या. दोन दिवसांनंतर पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे खेळाडू तेवढे उरतात. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो विजयी. निमंत्रितांची संख्या शंभराच्या आत असते आणि तीत वय झालेले माजी विजेते व काही हौशी खेळाडूही असतात. म्हणजे विजयाचे खरे दावेदार आणखी थोडे. मैदान ठाऊक, खेळाडू मोजके, मागील नोंदी नव्वद वर्षांच्या. भाकीत करणाऱ्याला याहून अधिक अनुकूल परिस्थिती ती कोणती? तरीही भाकिते चुकतात. याचे कारण भाकीत करणाऱ्याच्या अज्ञानात नसून खेळाच्या गणितात आहे.

अव्वल खेळाडू का हरतो?

उच्च दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूच्या एका फेरीच्या गुणसंख्येत दिवसागणिक सुमारे तीन फटक्यांचा चढउतार आढळतो. संख्याशास्त्राच्या भाषेत हे त्याचे प्रमाण विचलन. चार फेऱ्यांत हा चढउतार चौपट होत नाही, दुप्पट होतो. कारण चांगले आणि वाईट दिवस काही अंशी एकमेकांची भरपाई करतात. म्हणजे एका स्पर्धेपुरता तो सहा फटक्यांचा झाला. आता असे समजा की, एक खेळाडू आपल्या निकटच्या प्रतिस्पर्ध्यांहून दर फेरीला सरासरी दीड फटक्याने सरस आहे. या पातळीवर ही आघाडी फार मोठी होय. चार दिवसांत ती सहा फटक्यांची होते. परंतु दोघांचाही खेळ वरखाली होत असल्याने त्यांच्यातील अंतराचे विचलन साडेआठ फटक्यांच्या घरात जाते. हिशेब केला तर हा सरस खेळाडू एकेका प्रतिस्पर्ध्याला चारांपैकी तीन वेळा मागे टाकील असे दिसते. मात्र त्याच्यापुढे प्रतिस्पर्धी एकच नसतो. त्या तोलाचे वीस जण असतील, तर त्या साऱ्यांना एकाच वेळी मागे टाकण्याची त्याची शक्यता पाचात एकाच्या आसपास उतरते. तात्पर्य, जगातील निर्विवाद श्रेष्ठ खेळाडूही पाचांपैकी चार वेळा हरणार, हेच त्याच्याविषयीचे योग्य भाकीत ठरते.

इतिहासातील दाखला या हिशेबाशी जुळणारा आहे. टायगर वूड्सने १९९७ साली एकविसाव्या वर्षी बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकली. तेव्हापासून २००८ च्या अमेरिकन ओपनपर्यंत झालेल्या ४६ प्रमुख स्पर्धांपैकी त्याने १४ जिंकल्या. आधुनिक गोल्फमध्ये असे वर्चस्व दुसऱ्या कोणी गाजविलेले नाही. तरीही ते प्रमाण दहांत तीन एवढेच भरते. वूड्सच्या त्या ऐन भराच्या काळात दर वेळी 'वूड्स जिंकणार नाही' असे म्हणणारा मनुष्य दहांपैकी सात वेळा बरोबर ठरला असता. पण त्याला गोल्फ कळत होते असे कोणीही म्हणणार नाही.

म्हणूनच विजेता कोण, या प्रश्नापेक्षा अग्रभागी कोण राहतील, हा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे. स्कॉटी शेफ्लर हा २०२२ ते २०२५ या चारही वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला म्हणून ऑगस्टाला उतरला. त्याचे क्रमांक लागले अनुक्रमे पहिला, संयुक्त दहावा, पहिला आणि चौथा. चार वर्षांपैकी दोनदा विजय हे योग्यतेबरोबर दैवाचीही साथ दाखविते. परंतु चारही वेळा पहिल्या दहांत येणे ही बव्हंशी योग्यतेचीच खूण होय.

काय जाणता येते?

पूर्वी जाणकाराची मदार डोळ्यांवर आणि आठवणींवर असे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक फटक्याची मोजणीसह नोंद होऊ लागल्यावर ही स्थिती पालटली. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या नोंदींवरून प्रत्येक फटक्याचे मोल ठरविण्याची पद्धत बसविली. कल्पना साधी आहे. आठ फुटांवरून चेंडू होलमध्ये घालण्यास व्यावसायिकांना सरासरी दीड फटका लागतो. ज्याने तो एका फटक्यात घातला त्याने अर्धा फटका कमावला, ज्याला दोन लागले त्याने अर्धा गमावला. असा जमाखर्च प्रत्येक फटक्याचा मांडला की खेळाडूचे बळ नेमके कशात आहे ते उघड होते. २०११ साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने ही पद्धत प्रथम पटिंगसाठी अधिकृतपणे स्वीकारली.

या जमाखर्चातून एक जुनी समजूत मोडीत निघाली. लांब फटका केवळ दिमाखाचा, पैसा मिळतो तो पटिंगमध्ये, असे गोल्फपटू पिढ्यान्पिढ्या मानीत आले. ब्रॉडी यांना आढळले ते असे की, अव्वल आणि सामान्य व्यावसायिकांतील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांहून अधिक अंतरावरच्या फटक्यांतून येतो. पटिंगचा वाटा त्या मानाने अल्प असतो. भाकिताच्या दृष्टीने यातील मर्म असे की, लांबच्या फटक्यांतील प्रावीण्य आठवड्यामागून आठवडे टिकते, पटिंगचा बहर मात्र लवकर ओसरतो. मागच्या आठवड्यात दूरदूरचे पट घालून जिंकलेल्या खेळाडूवर भिस्त ठेवणे म्हणजे एका पावसावरून वर्षाच्या पिकाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

याला स्थानिक ज्ञानाची जोड द्यावी लागते. ऑगस्टाची हिरवळ अत्यंत वेगवान आणि उतारांची. कोणत्या जागी चेंडू टाकला असता तो पुढे कोठे घरंगळतो, हे नकाशा पाहून नव्हे, खेळूनच कळते. स्पर्धेची पहिली दोन वर्षे सोडली तर पदार्पणातच येथे जिंकणारा खेळाडू १९७९ चा फझी झोलर हा एकच. त्यानंतर २०२५ पर्यंत ते कोणालाही साधले नाही. नवागताचे नाव यादीत खाली ठेवण्यास हा सबळ आधार आहे. ते खोडून टाकण्यास मात्र नाही. २०२१ साली विल झालाटोरिस आणि २०२४ साली लुडविग ओबेर्ग हे पहिल्याच प्रयत्नात दुसरे आले होते.

जागतिक क्रमवारी हा आणखी एक आधार. पण तोही डोळे मिटून घेण्याजोगा नाही. २०२२ साली सुरू झालेल्या लिव्ह स्पर्धांना क्रमवारीचे गुण देण्याचे २०२३ साली नाकारण्यात आले. परिणामी तिकडे गेलेल्या खेळाडूंचे क्रमांक त्यांच्या कौशल्याशी विसंगत दिसू लागले. त्यांच्यापैकीच ब्रूक्स केप्काने २०२३ ची पीजीए आणि ब्रायसन डिशॅम्बोने २०२४ ची अमेरिकन ओपन जिंकली. मोजमाप बंद झाले म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको.

मनाचा हिशेब

आकड्यांच्या पलीकडे मनाचा भाग उरतोच. १९९६ साली ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांच्या आघाडीने उतरला आणि निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. २०१६ साली गतविजेता जॉर्डन स्पीथ शेवटचे नऊ होल उरले असता पाच फटक्यांनी पुढे होता. बाराव्या होलवर, तीन फटक्यांच्या जागी, त्याने दोनदा चेंडू पाण्यात घालून सात फटके खर्च केले आणि विजय डॅनी विलेटला मिळाला. गोल्फपटूंच्या मनाचा एक सूक्ष्म पुरावा अर्थशास्त्रज्ञांनीही शोधून काढला आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले. ठरलेल्या फटक्यांत होल पुरा करण्यासाठी मारलेला पट, एक फटका वाचविण्यासाठी मारलेल्या तशाच पटापेक्षा अधिक वेळा यशस्वी होतो असे त्यांना दिसले. फरक सुमारे दोन टक्क्यांचा आहे. तोटा टाळण्यासाठी माणूस जेवढा एकाग्र होतो, तेवढा लाभासाठी होत नाही, असा त्याचा अर्थ.

परंतु मनाच्या या कथा घडून गेल्यानंतरच सुसंगत भासतात. रोरी मॅकिलरॉयने २०११ साली ऑगस्टाला चार फटक्यांची आघाडी शेवटच्या दिवशी गमावली, तेव्हा त्याच्या मनोबलावर शंका घेतली गेली. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली. २०१४ नंतर दहा वर्षे एकही प्रमुख स्पर्धा त्याच्या हाती लागली नाही. २०२५ साली ऑगस्टाला त्याची आघाडी पुन्हा निसटली, अखेरच्या होलवरचा आखूड पट हुकला, आणि तरीही जस्टिन रोजविरुद्धच्या जादा होलवर तो जिंकला. चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो सहावा खेळाडू ठरला. तो आखूड पट हुकल्यानंतर रोजने बाजी मारली असती, तर त्याच मनुष्याच्या त्याच गुणांवर किती निराळे लेख लिहिले गेले असते!

भाकीत आणि पैज

भाकीत आणि पैज या दोन गोष्टींत अंतर आहे. सट्टेवाला एखाद्या खेळाडूवर एकास चार असा भाव देतो, तेव्हा त्याचा अर्थ वीस टक्के शक्यता असा होतो. परंतु सर्व खेळाडूंच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज केली तर ती शंभरावर जाते. हा वरचा भाग सट्टेवाल्याचा नफा. तो ग्राहकाच्या खिशातून येतो, मग जिंको कोणीही. शिवाय, लोक दुर्बल स्पर्धकावर त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक पैसा लावतात, हे घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासातून १९४९ सालीच दिसून आले होते. थोड्या पैशांत मोठे घबाड मिळण्याची आशा बुद्धीवर मात करते. आपल्याकडे खेळाडूंचे काल्पनिक संघ बनवून पैसे लावण्याच्या नादात तुटपुंज्या पगाराची नोकरदार मुले आणि विद्यार्थी सापडले. अखेर २०२५ साली संसदेला पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. कायदा आवश्यक असेल. पण शक्यतेचा हा साधा हिशेब वर्गात नीट शिकविला गेला असता, तर त्या जाहिरातींना भुलणारे बरेच कमी निघाले असते.

मग भाकिताची परीक्षा करावी तरी कशी? हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली त्याचे एक माप दिले. पावसाची शक्यता तीस टक्के सांगितलेल्या शंभर दिवसांपैकी तीस दिवस पाऊस पडला, तर सांगणारा खरा. एका दिवसावरून त्याला शहाणा ठरवू नये आणि मूर्खही ठरवू नये. १९८६ साली सेहेचाळीस वर्षांच्या जॅक निक्लसची सद्दी संपली, असे अटलांटाच्या एका पत्रकाराने लिहिले आणि निक्लसने शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांची फेरी खेळून सहाव्यांदा मास्टर्स जिंकली. पत्रकाराची चूक निक्लसची शक्यता थोडी मानण्यात नव्हती. ती खरोखरच थोडी होती. चूक होती ती थोडीला शून्य समजण्यात.

ही चूक केवळ गोल्फच्या मैदानावर होत नाही. शाळेत एका परीक्षेच्या निकालावरून मुलाचे भवितव्य सांगितले जाते, कचेरीत एका वर्षाच्या शेऱ्यावरून माणसाची लायकी ठरते. तेथेही नोंद अल्प असते, चढउतार मोठा असतो, आणि निर्णय मात्र कायमचा होतो. ऑगस्टाला हरलेल्या खेळाडूला पुढल्या एप्रिलमध्ये पुन्हा उतरता येते. वर्गातल्या आणि कचेरीतल्या माणसाला तशी दुसरी फेरी मिळते की नाही, हे त्याच्याविषयी भाकीत करणाऱ्यांच्या हाती असते. त्यांनी आपल्या अंदाजाला अंदाजच मानले, तरी पुष्कळ अन्याय टळेल.