गव्हाला कॅनोलाचा बेवड

हरभऱ्याचा बेवड गव्हाला मानवतो, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील गहू उत्पादकांनी मात्र हाच धडा एका तेलबीकडून घेतला. ती तेलबी म्हणजे मोहरीच्या कुळातील कॅनोला. जुन्या रेपसीडमधील इरुसिक आम्ल व ग्लुकोसिनोलेट ही दोन्ही अनिष्ट द्रव्ये कमी असलेले 'टॉवर' हे पहिले वाण कॅनडात १९७४ साली प्रसृत झाले. 'कॅनोला' हे नाव त्यानंतरचे.

गव्हावर पुन्हा गहू घेतला की 'टेक-ऑल' नावाची बुरशी मुळे कुजविते. नावच बोलके आहे! ही बुरशी गव्हाच्या व काही गवतांच्या मुळांवर तगून राहते. कॅनोलाच्या मुळांवर तिला थारा मिळत नाही. शिवाय रुंद पानांच्या या पिकात गवतवर्गीय तणांचा बंदोबस्तही सोपा जातो. साहजिकच एका हंगामाच्या उपासमारीने बुरशी क्षीण होते आणि पुढच्या गव्हाची निरोगी मुळे खोलवरची ओल व नत्र उचलू शकतात. कॅनोलाची मुळे कुजताना निघणाऱ्या उग्र वायूमुळे जमिनीला जणू धुरी मिळते, असा एक आकर्षक सिद्धान्त काही काळ गाजला. तथापि शेतातील प्रयोगांत या धुरीचा वाटा अल्पच आढळला.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, गव्हामागून घेतलेल्या गव्हाच्या तुलनेत कॅनोलामागून घेतलेल्या गव्हाचे उत्पन्न हेक्टरी सरासरी ८०० किलोंनी अधिक असल्याचे दिसले. कडधान्यांचा लाभ याहूनही मोठा, कारण ती जमिनीत नत्र साठवितात. कॅनोला उलट नत्र व गंधक भरपूर मागते. मग शेतकरी तिच्याकडे का वळतो? तिला बाजारात रोख दाम मिळतो म्हणून.

धोका नेमका या दामातच आहे. भाव चढला की फेरपालटीचे पीक एकाआड एक वर्षी शेतात येऊ लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकाच्या आरंभी 'ब्लॅकलेग' रोगाने रेपसीडची लागवड जवळजवळ बुडविली होती. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २००३ साली कॅनोलाच्या मुळांवर गाठी आणणारा 'क्लबरूट' रोग आढळला आणि पुढे तो शेकडो शेतांत पसरला. त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. म्हणूनच तेथील तज्ज्ञ दोन कॅनोला पिकांमध्ये किमान दोन वर्षांचे अंतर ठेवण्याचा आग्रह धरतात. आणि चढ्या भावाच्या वर्षी पहिला बळी जातो तो याच अंतराचा.