रुमालातले जंगल

इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्यातील गावांची मोजदाद करविली. गावात नांगर किती, कुरण किती, रानात किती डुकरे चरू शकतील, इथवरचा तपशील 'डूम्सडे बुक' या लॅटिन दप्तरात नोंदला गेला. आज गावाचे नाव घालताच त्या दप्तराचे पान संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येते. सिंदेवाहीच्या वा चामोर्शीच्या विद्यार्थ्यालाही ते पाहता येते. मात्र त्याच विद्यार्थ्याला आपल्या आज्याच्या गावाची 'वाजिब-उल-अर्ज' पाहावयाची असेल, तर अर्ज, तिकीट आणि हेलपाटे यांवाचून गत्यंतर नसते.

हा केवळ इतिहासप्रेमींचा प्रश्न असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. तथापि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जुना कागद हा पोटाशी निगडित आहे. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा आहे. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या चालीरीती लिहून ठेवण्याची पद्धत होती. सरपण कोणत्या रानातून, गुरे कोठे, तलावाचे पाणी कोणाला, हे सारे वाजिब-उल-अर्जमध्ये येई. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि रान, पडीक व तलाव सरकारजमा झाले. गावाचा निस्तार मात्र संपला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांना स्थान दिले. म्हणजे हक्क कायम राहिला, पण तो सांगणारा कागद रुमालात बांधला गेला.

त्या रुमालाची गाठ सोडण्याची वेळ २००६ च्या वनहक्क कायद्याने आणली. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे पुरेसे आहे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्यामागे पंचाहत्तर वर्षे, म्हणजे १९३० पर्यंत, जावे लागते. गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी हे सारे पुरावे म्हणून नियमांना मान्य आहेत. वडीलधाऱ्यांचा जबाबही मान्य आहे आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. इतकेच नव्हे, तर वन व महसुलाचे नकाशे ग्रामसभेला पुरविणे हे उपविभागीय समितीचेच कर्तव्य आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. पण मेंढ्याला संघटना होती, अभ्यास होता, वर्षानुवर्षांची चिकाटी होती. प्रत्येक गावाने ती कोठून आणावी?

अर्थशास्त्रात व्यवहारखर्च नावाची एक संकल्पना आहे. नकलेची फी थोडी असते. बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे उत्तर मिळून खरा खर्च होतो. तो नेमका त्याच माणसावर पडतो, ज्याला तो झेपत नाही.

एका शब्दाने काय होते, याचे उदाहरण 'झुडपी जंगल' हे आहे. पूर्व विदर्भातील महसुली कागदांत खुरट्या, निकस जमिनीपुढे हा शेरा पडला. त्या जमिनींवर पुढे घरे, शाळा, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच ठरविल्या आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींपुरती अपवादाची वाट मोकळी ठेवली. अर्थात जमीन कोणी, केव्हा, कोणत्या आदेशाने दिली, हे दाखविणारा कागद ज्याच्यापाशी असेल त्याचीच बाजू सोपी.

इंग्लंडमध्येही जमीनदारी पद्धतीचे अवशेष होते. तेथील 'कॉपीहोल्ड' नावाचा कूळहक्क १ जानेवारी १९२६ रोजी संपला. परंतु त्याआधीच, १९२४ च्या कायद्याने, जमीनदारांकडील दप्तरे एका उच्च न्यायाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणली गेली आणि ती कोठे आहेत याची सूची सुरू झाली. पद्धत गेली, कागद राहिले. आपल्याकडे २००५ चा सार्वजनिक अभिलेखांचा राज्य कायदा सरकारी दप्तरांपुरता आहे; मालगुजाराच्या वाड्यातील माळ्यावरच्या वह्यांना वाळवीखेरीज कोणी वाली नाही.

राज्यातील काही जिल्ह्यांचे जुने सातबारा व फेरफार आता संगणकावर दिसतात, हे स्वागतार्हच आहे. पण चित्र काढले म्हणजे कागद सापडला असे होत नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. त्यापूर्वीचे कागद चांद्याच्या नावाने शोधावे लागतात. गावांची इंग्रजी स्पेलिंगे अहवालागणिक बदलतात. हस्तलिखित बहुधा मोडीत, आणि मोडी वाचणारा कारकून निवृत्त होऊन जमाना झाला. पाने टिपण्याचे काम यंत्र करील. कोणते पान कोणत्या गावाचे, हे लिहिणारा माणूस मात्र नेमावाच लागेल, आणि त्या पदाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करावयाची, हे अद्याप कोणी विचारलेलेही दिसत नाही.