नळीवरची अक्षरं

नळीवर नाव नसतं. एक क्रमांक असतो आणि रक्त काढल्याची वेळ. कर्करोग प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायकाचं घड्याळ या वेळेपासून सुरू होतं. शरीराबाहेर आलेल्या पेशी फार वेळ तग धरत नाहीत. म्हणून नळी आली की हातातलं दुसरं काम बाजूला.

रक्त पातळ करून ते फिकॉल या दाट द्रावावर चढवायचं असतं. पिपेटचं टोक नळीच्या कडेला टेकवायचं आणि धार अगदी सावकाश सोडायची. दोन थर मिसळले, तर पुन्हा करायला रक्त उरलेलं नसतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण अर्धा तास. शेवटी ब्रेक लावायचा नाही. झटक्याने थर हलतात. नळी बाहेर काढली की तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि फिकॉलच्या माथ्यावर सायीसारखा धुरकट पट्टा दिसतो. फिकॉलची घनता १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर. लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशी त्याहून हलक्या म्हणून तरंगतात, तांबड्या पेशी जड म्हणून बुडतात. नॉर्वेच्या आर्ने बोयम यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही रीत अजून रोज वापरात आहे.

सगळी धडपड त्या पट्ट्यासाठी. त्यात टी-पेशी असतात, कर्कपेशींना ओळखून मारू शकणाऱ्या. गाठ मात्र त्यांच्यावरची पीडी-१ सारखी खीळ ओढून त्यांना थोपवते. ही खीळ सोडवून उपचार करता येतात, हे दाखवणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. एखाद्या रुग्णाच्या किती टी-पेशींवर ही खीळ आहे, हे फ्लो सायटोमीटर सांगतो: चमकणारी प्रतिपिंडं चिकटवलेल्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि मोजल्या जातात.

त्याआधी जिवंतपणा तपासायचा. ट्रिपॅन ब्लू घातलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात. निळ्याच जास्त दिसल्या तर तोच आकडा वहीत लिहायचा आणि तो नमुना सोडून द्यायचा. सगळी मेहनत जाते, पण खोट्या आकड्यावर पुढे कुणाचा तरी उपचार ठरू शकतो. उरलेल्या चांगल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना साठवतात. मिनिटाला एक अंश अशा गतीने त्या गोठवायच्या, वितळवायच्या मात्र भरभर.

या कामाला जुना वारसा आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीचा तुकडा आला. तो कापून नळ्यांत लावला मेरी कुबिसेक या सहायक तरुणीने. नळ्यांवर तिने रुग्णाच्या इंग्रजी नावा-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून लिहिलं, ‘हेला’. त्या पेशी आजही जगभर वाढताहेत. लॅक्स यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. गाय यांच्याकडे काम केलेल्या, मूळच्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पुढे १९६०च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ती परंपरा आज खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये चालू आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली ‘नेक्सकार-१९’ ही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची उपचारपद्धतीही रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढण्यापासूनच सुरू होते. पुढचा सगळा डोलारा त्या पेशी जिवंत राहण्यावर उभा असतो.

आता नळीवर क्रमांक असतो आणि त्यामागे रुग्णाची सही असलेलं संमतीपत्र. तो माणूस कोण, हे सहायकाला कळत नाही, कळूही नये. पण त्याने दिलेल्या रक्ताचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून धार सावकाश सोडायची, हे मात्र हाताला कळलेलं असतं.