संदेशांचे दुभाषे

ई-मेल पाठविताना समोरच्याची टपालपेटी कोणत्या कंपनीकडे आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. तत्काळ संदेशांच्या जगात मात्र प्रत्येक कंपनीने स्वतःभोवती तटबंदी उभारली. १९९६ साली 'आयसीक्यू' आले; पुढच्या तीन वर्षांत एओएल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवा आल्या. एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी बोलू शकत नसे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांसाठी एओएलकडे जाणारी वाट काढली, तेव्हा एओएलने ती वारंवार बुजविली.

त्याच वर्षी जेरेमी मिलर यांनी 'जॅबर' ही खुली प्रणाली जाहीर केली. तिची संदेशभाषा २००४ मध्ये 'एक्सएमपीपी' या नावाने इंटरनेटच्या प्रमाण नियमांत दाखल झाली. वापरकर्त्याने फक्त स्वतःच्या सर्व्हरशी बोलावे आणि बाहेरचा व्यवहार सर्व्हरने पाहावा, हे तिचे मूळ सूत्र.

दोन वाटा

पलीकडचा सर्व्हर हीच भाषा जाणत असेल तर काम सोपे असते. पत्त्यातील '@' चिन्हापुढचे नाव वाचून आपला सर्व्हर इंटरनेटच्या नामसूचीत त्याचा ठावठिकाणा शोधतो, दोन्ही सर्व्हर परस्परांची ओळख पटवितात आणि संदेश सुपूर्द होतो.

भाषा वेगळी असेल तर मध्ये दुभाषा लागतो. यालाच 'गेटवे' म्हणतात. वापरकर्ता आपले बाहेरचे खाते आणि पासवर्ड त्याच्याकडे नोंदवितो. गेटवे त्याच्या वतीने त्या सेवेत प्रवेश करतो, तिथल्या मित्रांना इथल्या पद्धतीचे पत्ते देतो आणि येणारे-जाणारे संदेश भाषांतरित करतो. मात्र भाषांतरासाठी मजकूर वाचावा लागतो. त्यामुळे संदेश सांकेतिक असला, तरी तो बहुधा गेटवेपाशी उलगडतो. म्हणून गेटवे कोण चालवितो, हा प्रश्न तांत्रिक नसून विश्वासाचा आहे.

दार कोणाच्या हाती?

दुसरा धोका पलीकडच्या मर्जीचा. 'गूगल टॉक'ने जानेवारी २००६ मध्ये इतर सर्व्हरसाठी दार उघडले. पण २०१३ मध्ये त्याची जागा घेण्यासाठी आलेल्या 'हँगआउट्स'मध्ये ते ठेवलेच नाही. इतरत्र खाते असलेल्यांचा सर्व्हर सुरळीत चालू होता, तरी गूगलकडील त्यांचे स्नेही हळूहळू दिसेनासे झाले. एओएलची सेवा २०१७ मध्ये आणि 'आयसीक्यू' २०२४ मध्ये बंद पडली; त्यांच्यासाठी लिहिलेले गेटवेही निरुपयोगी झाले.

युरोपीय संघाने या मर्जीला कायद्याचा लगाम घातला आहे. 'डिजिटल मार्केट्स ॲक्ट'नुसार २०२४ पासून व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांनी, मागणी करणाऱ्या लहान सेवांना जोडून घेणे बंधनकारक आहे. संदेश गोपनीय राखण्याची पातळी या जोडणीत घटता कामा नये, अशीही अट आहे. तिथे दुभाष्याची वाट अपुरी पडते. दोन्ही टोकांना सांकेतिकीकरणाची एकच पद्धत स्वीकारावी लागते.

कार्यालयासाठी संदेशप्रणाली निवडताना, ती बाहेरच्यांशी जोडली जाते का, एवढेच विचारून भागत नाही. ही जोडणी कोणाच्या हाती आहे आणि ती उद्या तुटली तर जुने संभाषण आपल्याकडे उरेल का, हेही आधीच विचारून घ्यावे.