वेरूळची लेणी आणि रूसेलची बासरी

1909 साली एक फ्रेंच जोडपं लग्नानंतरच्या लांबच्या प्रवासात हिंदुस्थानात आलं. नवरा चाळिशीचा, पूर्वी नौदलात अधिकारी. वेरूळ तेव्हा निजामाच्या मुलखात. तिथल्या काळोखातले देव त्याच्या मनात असे ठाण मांडून बसले की मायदेशी परतल्यावर त्याने थोरल्या वाद्यवृंदासाठी तीन भागांची रचना लिहिली. पहिला भाग वेरूळचा, दुसरा जयपूरचा, तिसरा काशीचा. 1912 साली पॅरिसमध्ये ती वाजली. या संगीतकाराचं नाव अल्बेर रूसेल. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत ऐकणारी मंडळी देब्युसीबद्दल बोलतात, राव्हेलबद्दल बोलतात. वेरूळ पाहून गेलेला रूसेल मात्र कुणाच्या तोंडी नसतो.

जन्म 1869, उत्तर फ्रान्समधल्या तूर्कोआंचा. आईवडील लहानपणीच गेले. 1894 मध्ये नौदल सोडलं आणि पंचविशीत, म्हणजे बहुतेकांचं शिक्षण आटोपतं त्या वयात, हा नेटाने संगीत शिकायला बसला. पॅरिसच्या स्कोला कान्तोरुम या विद्यालयात तो आधी विद्यार्थी होता, मग 1902 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत काउंटरपॉइंटचा शिक्षक. दोन-तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवायच्या, एकीने दुसरीची हमाली करायची नाही, ही ती विद्या. एरिक साती आधीच संगीतरचना करणारा, तरी चाळिशीकडे झुकल्यावर याच्या वर्गात येऊन बसला होता. रूसेलचं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी निर्देशकाशिवाय वाजवायचं संगीत, उभं आहे ते या विद्येवर.

वेरूळची रचना भव्य आहे, पण मला ती थोडी पाहुण्याची वाटते. धूसर तंतुवाद्यं, दुरून येणारे सूर, गूढ पूर्व. काशीच्या भागात गंगेकाठी ऐकलेल्या एका फकिराच्या गाण्यावरून घेतलेली चाल गायकाच्या तोंडी येते, तेवढ्यापुरता माणूस समोर उभा राहतो.

खरा हिंदुस्थान त्याला सापडला तो पंधरा वर्षांनी, बासरी आणि पियानोच्या तीन-चार मिनिटांत. 1924 च्या 'बासरीवादक' या मालिकेत चार छोट्या रचना आहेत. ग्रीकांचा पॅन, व्हर्जिलच्या काव्यातला गुराखी, आपला कृष्ण आणि एका फ्रेंच कादंबरीतला बासरी वाजवणारा गृहस्थ. प्रत्येक रचना त्या काळच्या एकेका नामांकित बासरीवादकाला अर्पण केलेली. 'कृष्ण' सात मात्रांत आहे आणि त्याचे मुख्य स्वर पूर्वी थाटाचे: रिषभ-धैवत कोमल, मध्यम तीव्र. अभ्यासक त्याचं नातं श्री रागाशी जोडतात. ते जपूनच घ्यावं. श्रीचा जीव ज्या मींडेत आहे ती इथे नाही. शेजारी पियानो आहे आणि त्याच्या पट्ट्या स्वराला जागच्या जागी खिळवतात. सात मात्रा आहेत, पण समेवर येऊन दाद घेण्याची सोय नाही. तरीही संध्याकाळचा तो कडवट गोडवा खरा आहे. सजावटीसाठी दोन कोमल स्वर पेरलेत असं वाटत नाही. बासरी त्या स्वरांतच विचार करते.

त्याआधीच मोरिस देलाज नावाच्या, रूसेलहूनही विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराने उलटी वाट धरली. तो 1912 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि इमदाद खाँच्या ध्वनिमुद्रिकेवरून मींड उचलून त्याने ती थेट चेलोवादकाच्या बोटांत घातली. ऐकायला चकित करणारा प्रयोग आहे. रूसेलला असा हुबेहूबपणा नको होता.

त्याचं सगळ्यात मोलाचं काम माझ्या मते 1929 चं त्रिकूट: बासरी, व्हायोला, चेलो. पियानो नाही, त्यामुळे पाठीमागे भरावाला कोणी नाही. एक जण गप्प झाला की भोक पडतं. आमच्या फोंडाघाटात जत्रेच्या रात्री दशावतार ऐकलेल्याला हे चटकन कळेल. बाजूला बसलेले पेटी, मृदंग आणि झांज एवढेच. नटाने ऐनवेळी संवाद कुठे वळवला तर तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता वळायचं. रूसेलने अर्थात प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलाय, तरी कान तसेच लागतात. मधल्या संथ भागात व्हायोलावर लक्ष ठेवा. वाद्यवृंदात ते बहुधा मागच्या बाकावर असतं, इथे त्याला बरोबरीचा मान आहे. यात हिंदुस्थानचं नावही नाही. पण एकेक ओळ एकटीने उभी राहण्याची ताकद मला 'कृष्ण'मधल्यासारखीच वाटते.

त्याच्या उपेक्षेचं एक कारण उघड आहे. तो देब्युसीइतका तरल नाही आणि राव्हेलसारखा पहिल्याच भेटीत जिंकून घेत नाही. ताल धट्टाकट्टा, सुरावट कोरडी, भावना आखडत्या हाताने दिलेली. दोन-तीनदा ऐकावं लागतं. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोचं शेवटचं त्रिकूट 1937 सालचं. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला, आणि डिसेंबरात राव्हेल. सुरुवात 'कृष्ण'पासून करावी, मग 1925 ची बासरी, हार्प आणि तीन तंतुवाद्यांची सेरेनेड, मग 1929 चं त्रिकूट. चितोडच्या राणीवरची 'पद्मावती' ही ऑपेरा नंतर ऐकली तरी चालेल. तिथे पुन्हा वेरूळच्या रचनेसारखाच दिमाख जास्त आहे.