इयादतीला जाताना

नांदेड-लातूरचे कित्येक कॅन्सरचे रुग्ण उपचाराला बार्शी, नाहीतर मुंबई गाठतात. मागोमाग नातेवाईकही पोचतात. आमच्या चाचींच्या खाटेभोवती आम्ही दहाजण होतो. मुसाफा झाला, डोक्यावरून हात फिरवले. हात मात्र कोणीच धुतले नव्हते.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी फार घटतात. तेव्हा क्लेबसिएला, स्यूडोमोनाससारखे वॉर्डातले जिवाणू हातांवरून, सलाईनच्या नळीवाटे रक्तात शिरू शकतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यावर अनेकदा चालत नाहीत.

इयादत सवाबाचे काम, पण एकेकाने जावे, साबणाने हात धुऊन. सर्दी-खोकला असेल तर फोनवरूनच विचारपूस करावी. आणि ताप १००.४ झाला तर रात्रीच दवाखाना गाठावा. आम्ही तापाची गोळी देऊन फजरची वाट पाहिली होती. चाची पुढे अकरा दिवस आयसीयूत होत्या.