जिथं वाचक येत नाही असं ग्रंथालय

लंडनच्या वायव्येला साधारण ऐंशी किलोमीटरवर मिल्टन कीन्स हे आखून-रेखून वसवलेलं शहर आहे. तिथल्या वॉल्टन हॉल नावाच्या जुन्या हवेलीभोवती ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ पसरलं आहे. आवारातल्या ग्रंथालयाला बेटी बूथरॉइड यांचं नाव दिलं आहे. ब्रिटिश लोकसभेच्या त्या पहिल्या महिला सभापती आणि पुढं याच विद्यापीठाच्या कुलपती. इमारत प्रशस्त आहे, पण देवघेवीच्या खिडकीपुढं विद्यार्थ्यांची रांग तिथं शोधू नये. संशोधन करणारे थोडे लोक सोडले, तर इथल्या लाखाहून अधिक विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना या आवारात पाऊल ठेवण्याचं कारणच पडत नाही. ग्रंथालय म्हणजे वाचनकक्षातली शांतता, अशी आपली समजूत असेल तर ती इथं निकामी ठरते.

या विद्यापीठाची कल्पना मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. ती नेटानं पुढं रेटली ती मंत्री जेनी ली यांनी. १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. टपालानं पाठ्यपुस्तिकांचं पाकीट यायचं, विज्ञानवाल्यांना प्रयोगाचं सामान आणि छोटा सूक्ष्मदर्शकही घरपोच मिळायचा, आणि बीबीसीवर आडवेळेला व्याख्यानं लागायची. एकेक पुस्तिका प्राध्यापक, संपादक आणि बीबीसीचे निर्माते यांचा गट मिळून घडवत असे. पाकीट स्वयंपूर्ण हवं, यावर त्यांचा कटाक्ष होता. कारखान्यातली पाळी संपवून किंवा मुलं झोपवून अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला कपाटं धुंडाळायला सवड कुठली?

म्हणून ग्रंथालय सुरुवातीला मुख्यतः लिहिणाऱ्यांसाठी होतं. वाचणाऱ्याला आणखी काही हवं असेल, तर त्यानं आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जावं, अशी अपेक्षा. ब्रिटनमध्ये ती अगदीच अवाजवी नव्हती. तिथली गावोगावची वाचनालयं चांगली होती आणि एकमेकांकडून पुस्तकं मागवून देत. तरीही या सोयीत एक खोट होती, असं मला वाटतं. पाकिटातलं सगळं कोणीतरी आधीच निवडून, पचवून दिलेलं असतं. विद्यार्थी परीक्षा पास होतो, पण एकाच विषयावर दोन जाणकार एकमेकांना खोडून काढताना त्याला दिसत नाहीत. आणि पदवीचं शिक्षण बरंचसं तिथंच घडतं.

पहिली वाट निघाली ती शेजाऱ्यांमधून. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांनी आपापसांत करार केला की दूरस्थ आणि अर्धवेळ शिकणाऱ्याला त्याच्या घराजवळच्या विद्यापीठातून पुस्तकं नेता यावीत. आज ही सोय ‘स्कोनल ॲक्सेस’ या नावानं चालते. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्या शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या कपाटातलं पुस्तक स्वतःच्या नावावर घरी नेऊ शकतो. नियतकालिकांच्या ऑनलाइन प्रती मात्र या सौद्यात बसत नाहीत. कागदाचं पुस्तक विकत घेतलं की ते कोणाला द्यायचं हे ग्रंथालय ठरवतं; संगणकावरच्या मजकुराबाबत ते प्रकाशकाच्या करारनाम्यात ठरलेलं असतं.

हा करारनामा म्हणजे आजच्या दूरस्थ ग्रंथपालाच्या डोक्याला कायमचा ताप. इंटरनेट आल्यावर अंतर मिटलं असं आपण म्हणतो, पण अंतराची जागा किमतीनं घेतली. प्रकाशक विद्यार्थिसंख्या विचारून दर सांगतात, आणि मुक्त विद्यापीठाची संख्याच मुळात अवाढव्य. त्यात काही ई-पुस्तकं ‘एका वेळी एकच वाचक’ या अटीवर मिळतात. हजारभर विद्यार्थ्यांना एकाच आठवड्यात तेच प्रकरण वाचायचं असेल, तर अशा पुस्तकाचा उपयोग काय? काही पाठ्यपुस्तकं तर ग्रंथालयांना ई-स्वरूपात विकलीच जात नाहीत. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या ग्रंथपालांनी या दरांविरुद्ध आणि अटींविरुद्ध जाहीर मोहीमच उघडली. वाचनकक्षांना कुलूप लागल्यावर नियमित विद्यापीठांनाही दूरस्थ ग्रंथालयाचं दुखणं कळलं, इतकाच त्या साथीचा फायदा.

मिल्टन कीन्सच्या ग्रंथपालांचं खरं कसब मला दिसतं ते दुसरीकडं. अभ्यासक्रम तयार होत असतानाच ते त्यात शिरतात. तिसऱ्या आठवड्याच्या पानावर तिसऱ्या आठवड्याला लागणारा लेख, एका टिचकीत उघडणारा. लॉगिन एकदाच. संदर्भ कसा शोधावा, मिळालेल्या माहितीवर किती भरवसा ठेवावा, हेही त्या त्या विषयाच्या स्वाध्यायातच गुंफलेलं असतं. त्यासाठी वेगळं व्याख्यान ठेवलं, तर ऐकायला कोण येणार? याची एक गंमत अशी की काम जितकं चोख, तितकं ते दिसत नाही. लेख उघडला की विद्यार्थ्याला वाटतं, हा इंटरनेटवर फुकटच पडलेला होता. त्यामागं ग्रंथालयानं वर्गणी भरली आहे, हे त्याच्या गावीही नसतं. पुढं खर्चात कपात करायची वेळ आली, की हे न दिसणं अंगाशी येऊ शकतं.

शेवटी माणूस लागतोच. विद्यार्थी अभ्यासाला बसतो रात्री दहानंतर. मदतकक्ष पाच वाजता बंद होत असेल तर तो कोणासाठी? म्हणून चॅटवर रात्री-अपरात्रीही उत्तर मिळण्याची व्यवस्था तिथं केली आहे. तुरुंगातल्या विद्यार्थ्यांपाशी मात्र ही सगळी यंत्रणा थबकते. या विद्यापीठानं सुरुवातीपासून कैद्यांना शिकवलं आहे. बराकीत इंटरनेट नाही, त्यामुळं तिथं पुन्हा छापील कागदच पाठवावा लागतो. एका कैद्याला लागणारा लेख छापून देता यावा, एवढी मुभा करारनाम्यात आधीच मागून ठेवणारा ग्रंथपाल मी हुशार म्हणेन.

आता नाशिक. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद, आणि मराठीतून नेटकी स्वयंअध्ययन पुस्तकं ही मोठी कमाई. शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायकांना आणि नोकरदारांना या पुस्तकांनी पदवीपर्यंत नेलं आहे. पण पाकिटाची खोट इथंही आहे, आणि ब्रिटनपेक्षा जास्त बोचते. अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या महाविद्यालयात असतं. संपर्क सत्र ठेवायचं रविवारी, आणि रविवारी त्याच इमारतीतल्या ग्रंथालयाला कुलूप, असं कित्येक ठिकाणी घडतं. उघडं असलं तरी ‘मुक्त’च्या विद्यार्थ्याचं नाव देवघेवीच्या नोंदीत नसतं. मग उरतं झेरॉक्सचं दुकान आणि तिथलं गाईड.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेनं यावर एक तत्त्वच घालून दिलं आहे: विद्यार्थी कुठंही बसून शिकत असो, ग्रंथालयावर त्याचा हक्क आवारातल्या विद्यार्थ्याइतकाच. हे नाशिकला आणायचं तर मोठ्या यंत्रणेआधी एक साधी अट पुरे. ज्या महाविद्यालयाला अभ्यासकेंद्र हवं, त्यानं अनामत रक्कम घेऊन का होईना, या विद्यार्थ्याला पुस्तक द्यावं आणि सत्राच्या दिवशी ग्रंथालय उघडावं.

ऑनलाइन साठ्याबाबत आपली अडचण वेगळी आहे. महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत हजारो नियतकालिकं आहेत, पण ती मुख्यतः इंग्रजी. मराठीतून बी.ए. करणाऱ्याला त्यांचा उपयोग बेताचाच. त्याच्या कामाचं बरंच काही मात्र मोफत पडलेलं आहे: मराठी विश्वकोशाचे खंड, राज्य मराठी विकास संस्थेनं संगणकावर आणलेली दुर्मिळ पुस्तकं, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले मराठी प्रबंध. या ढिगातून प्रत्येक विषयासाठी वीस-पंचवीस नेमके दुवे निवडून व्हॉट्सॲपवर पाठवणं हे ग्रंथपालाचं काम आहे, आणि त्याला निधी लागत नाही, वाचन लागतं.

पुस्तक पाठवण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, आणि त्या संस्थानातून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुढं तो कारभार जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सांभाळला. आज महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. कादंबऱ्या, मासिकं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं यांवर ती चालतात. मुक्त विद्यापीठानं अशीच पेटी पाठवली, तर ती उतरवून घ्यायला आणि पावती लिहायला एवढी तयार ठिकाणं दुसऱ्या कोणाकडं आहेत?

टपाल खात्यानं मे २०२५ पासून शैक्षणिक पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळे. पाच किलोत बेताच्या जाडीची दहा-बारा पुस्तकं सहज बसतात. ग्रंथपालांना धास्ती असते ती खर्चापेक्षा ग्रंथपडताळणीची: पुस्तक हरवलं तर भरपाई कोणी द्यायची? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत याचं उत्तर आहे. देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागं वर्षाला पाच गहाळ होणं वाजवी मानावं, अट एवढीच की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकाची मात्र चौकशी व्हावी. राज्यातल्या विद्यापीठांना हा नियम आपोआप लागू होत नाही. पण त्याच धर्तीवर ठराव करायचा तर व्यवस्थापन परिषदेची एक बैठक पुरते.